एका पानावरून दुसऱ्या पानावर

दीपमाला सुरवाडे मूळची ग्रंथपाल. राहायची भुसावळला, आणि जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटी नोकरी करायची. कंत्राट संपल्यावर तिने जळगावातल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची जाहिरात पाहिली. 'लायब्ररीविषयी माहिती लिहिण्यासाठी व्यक्ती पाहिजे.' मुलाखतीला गेल्यावर कळलं, की ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. कंपनी लोकांच्या मोबाईलवर मेसेज पोचवण्याची सेवा चालवायची. दुकानदार, दवाखाने, व्यापारी यांचे प्रोग्राम त्या सेवेशी जोडता यावेत म्हणून कंपनी तयार कोडचा एक संच द्यायची. त्याला म्हणायचं क्लायंट लायब्ररी. तो संच कसा वापरायचा हे समजावणारी पानं वेबसाइटवर लिहायची, एवढं काम.

"मला कोड येत नाही," तिने सरळ सांगून टाकलं.

"तेच बरं," मुख्य प्रोग्रामर हितेंद्र म्हणाला. "ज्यांना येतो ते लिहायला बसत नाहीत."

चार वर्षांत तिची दीडशेच्या आसपास पानं झाली. शिकत शिकत ती सुबक लिहू लागली. त्यातलं एक पान मात्र फार लांबलं होतं. नेटवर्क गेलं तर मेसेज पुन्हा कसा पाठवायचा, हे त्यात होतं. प्रत्येक मेसेजला आपला एक ओळखक्रमांक द्यायचा, म्हणजे तोच मेसेज दोनदा जात नाही, हेही त्यातच खाली होतं. मार्चमध्ये तिने त्या पानाची दोन पानं केली. दोन्ही छान आटोपशीर दिसायला लागली.

मे महिन्यात एका सकाळी सावद्याहून फोन आला. स्वप्नील फिरके नावाचा तरुण प्रोग्रामर होता. एका केळी व्यापाऱ्यासाठी त्याने प्रोग्राम लिहिला होता. शेतकऱ्याला आदल्या दिवशी मेसेज जायचा, की उद्या गाडी येते आहे, एका गाडीचा माल कापून ठेवा. त्या दिवशी नेटवर्क अडखळत होतं. मेसेज पोचल्याची खूण न मिळाल्याने प्रोग्रामने तो पुन्हा पाठवला आणि कौतिकनाना नावाच्या शेतकऱ्याला तो दोनदा मिळाला. नानांनी दोन गाड्यांचे घड कापून बांधावर मांडले. गाडी आली एकच.

"मॅडम, ओळखक्रमांकाचं पान आहे तुमचं," स्वप्नील म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मला ते आज सापडलं. चांगलं लिहिलंय. पण पुन्हा पाठवायच्या पानावरून तिकडे जायचं कसं?"

दीपमालाने पान उघडलं. त्यात वाक्य होतं, 'खाली सांगितल्याप्रमाणे ओळखक्रमांक द्या.' खाली काहीच नव्हतं. खालचा मजकूर तिनेच उचलून दुसरीकडे ठेवला होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "पान मी तोडलं आणि हे वाक्य तसंच राहिलं."

ते वाक्य तिने फोन ठेवायच्या आत दुरुस्त केलं. पण मन शांत होईना. अशी किती वाक्यं असतील? तिने हितेंद्रला सांगितलं, की मला सगळी पानं पुन्हा बघायची आहेत, एकमेकांना नीट जोडायची आहेत.

"शोधायची सोय दिलेली आहे ना? शब्द टाकला की पान येतं."

"शब्द माहीत असला तर. ओळखक्रमांक द्यायचा असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो काय शोधणार होता?"

हितेंद्रने कॅलेंडर उघडून आठवडे मोजले. मग म्हणाला, "सहा आठवडे घे."

आधी तिने सोपा मार्ग धरला. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हेही पाहा' लिहून दहा-दहा लिंका दिल्या. वीसेक पानं झाल्यावर शनिवारी ती सावद्याला गेली आणि स्वप्नीलच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्याला म्हणाली, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी फक्त बघते.

स्वप्नील अनुक्रमणिकेत गेलाच नाही. गूगलवरून तो थेट एका पानाच्या मध्यात उतरला, कोडच्या हव्या त्या चार ओळींची नक्कल उचलली आणि निघाला. तळापर्यंत तो पोचलाच नाही. तिने तळाच्या लिंका दाखवल्या, तेव्हा त्याने वरून खाली नजर फिरवली आणि विचारलं, "यातलं आधी कुठलं वाचू?"

तिने वहीत लिहिलं, 'वाचणारा जिथे अडतो त्याच वाक्यात लिंक हवी. तिकडे का जायचं तेही सांगायला हवं.'

निघण्याआधी ती कौतिकनानांच्या मळ्यात गेली. नाना ठिबकच्या नळ्या तपासत होते. स्वप्नीलने ओळख करून दिली. तिने झालं ते लपवाछपवी न करता सांगितलं आणि माफी मागितली.

"दोनदा मेसेज आला त मले वाटलं दोन गाड्या येतीन," नाना म्हणाले. "इचारायले फोन लावला, लागेच ना." जादा कापलेल्या मालातला अर्धा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याने उचलला होता, उरलेला पिकून गेला होता. त्यांनी तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "मंग आता लिहिलं का नीट?"

"एकच पान नीट झालंय, नाना. बाकीची चालू आहेत."

"होऊ द्या मंग," ते म्हणाले आणि पुन्हा नळ्यांकडे वळले.

सोमवारी तिने तळाच्या सगळ्या याद्या काढून टाकल्या. मग एकेक पान घेतलं. 'वर', 'खाली', 'आधी सांगितल्याप्रमाणे' असं दिसलं, की ते खोडून पानाचं नाव घातलं. समजावणीच्या पानावरून कोडच्या पानावर जाता येई, पण परत यायला रस्ता नव्हता. तिने तोही दिला. काही ठिकाणी उगाच दिलेल्या लिंका काढल्या. काम कंटाळवाणं होतं आणि कुणाला दिसणारंही नव्हतं. तरी संध्याकाळच्या गाडीने भुसावळला परतताना तिला बरं वाटायचं.

पाचव्या आठवड्यात हितेंद्रने न सांगता एक छोटा प्रोग्राम लिहून आणला. पानात काही बदल झाला, की तुटलेल्या लिंका तो पकडायचा.

"पण जी लिंक असायला हवी आणि नाहीच, ती याला कळणार नाही," तो म्हणाला.

"ती मी बघते."

पावसाळा सरला. तेच तेच विचारणारे फोन कमी झाले. एके दिवशी चाळीसगावहून कामिनी नावाच्या प्रोग्रामर बाईंचा फोन आला. त्यांनी एकावरून दुसऱ्यावर जात सात पानं वाचली होती. त्यानंतर त्यांना जो प्रश्न पडला होता, त्याचं उत्तर कुठल्याच पानात नव्हतं. दीपमालाने प्रश्न उतरवून घेतला आणि हितेंद्रपुढे ठेवला. त्याने दोनदा वाचला.

"हे मलाही बघावं लागेल," तो म्हणाला.

दीपमालाने नवीन पान उघडलं आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत बसली.