पाठीमागचं घड्याळ

तुमच्या पाठीमागे कधी कुणी स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलंय का? नसेल, तर भिंगरीबद्दल मत बनवायची घाई करू नका.

भिंगरी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. खोकं उघडायचं, माहितीचा कागद दुमडून आत सारायचा, बाटली ठेवायची, अंगठ्याने खोक्याचं झाकण दाबायचं. बोटं अशी फिरायची की बघणाऱ्याला गरगरावं. लाइनवरच्या बायकांनी हे नाव लाडाने ठेवलं होतं. पुढे त्याच बायका ते नाव थुंकल्यासारखं टाकायला लागल्या.

कारण तिचा धाकटा भाऊ. बापामागे तिनेच वाढवलेला, तिच्याच पगारावर शिकलेला. तो त्याच कारखान्यात टाइमवाला म्हणून लागला. टाइमवाल्याने कामगाराच्या मागे उभं राहायचं, बटण दाबायचं आणि एक खोकं भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यावर सगळ्यांचा कोटा ठरायचा. अशा वेळी काय करायचं हे लाइनला शिकवावं लागत नव्हतं. टाइमवाला दिसला की दारापाशी बसणारी खोकायची, आणि सगळ्यांचे हात जड व्हायचे. कागद नीट बसायचा नाही, झाकण हट्टाला पेटायचं. कुणी ह्याला कामचोरी म्हणेल. म्हणू दे, त्याने एक दिवस तिथे बसून दाखवावं.

भाऊ पहिल्यांदा आला, तेव्हाही दारापाशी बसणारी खोकली. हात जड झाले. भिंगरीने मान वळवून पाहिलं. भावाच्या नव्या शर्टाची घडी मोडली नव्हती, हातातलं घड्याळ थरथरत होतं, आणि त्याच्या खांद्यावरून साहेब डोकावत होता. पोराची पहिली परीक्षा, आणि आपणच त्याला नापास करायचं? तिने हात मोकळे सोडले. जन्मात फिरवली नव्हती तशी बोटं फिरवली. साहेबाने भावाच्या पाठीवर थाप मारली, आणि तिचा वेग सगळ्या लाइनचा कोटा झाला.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसेना.

"आमचे हात आंदण दिलेस ना भावाला?" खोकणारी म्हणाली. "आता जेव पोटभर."

हळूहळू एकेकीची मनगटं सुजली. भिंगरीचे अंगठे तर मुळापासून गेले. बाटलीचं बूच उघडायला ती दात लावायची. तिने काम सोडलं, तेव्हा निरोपाला शिपाईसुद्धा फिरकला नाही. तिच्या जागेवर तिची लेक बसली. हल्ली लेकही घरी आली की मनगट चोळत बसायची.

म्हणून भाऊ निवृत्त व्हायच्या आधी भिंगरीने त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. "जायच्या आधी एकदा नीट मोज. कोट्याचा आकडा खाली आण."

"ताई, तुझी शपथ," तो म्हणाला होता.

निरोप समारंभ उरकून तो थेट तिच्याकडे आला. खुर्चीत बसायच्या आधीच बाही वर सारून नवं घड्याळ बांधलेलं मनगट पुढे केलं.

"मालकांनी स्वतःच्या हाताने बांधलं! सेल नाही, सगळा कारभार आतल्या चाकांवर. तारीख, वार, महिना. महिना तीसचा की एकतीसचा, तेही ह्याला आपसूक कळतं."

"मग मनगट कधी सुजणार तेही सांगत असेल," लेक म्हणाली.

"गप गं. आणि ही दोन बटणं बघ, ताई. स्टॉपवॉच!"

"आकडा?" भिंगरीने विचारलं.

"कसला?"

"माझी शपथ घेतलीस तो."

मनगट खाली गेलं. "मालक एवढ्या प्रेमाने बोलत होते. म्हणाले, तुझ्या आकड्यावर कारखाना उभा आहे. त्यांच्या तोंडावर आकडा चुकला म्हणू? आणि चुकला कुठे होता? हात तुझाच होता ना?"

भिंगरी उठली. कपाटावरचं औषध उचललं, बाटली, कागद, खोकं सुटं करून टेबलावर मांडलं.

"दाब बटण."

"ताई, काहीतरीच काय!"

"दाब म्हणते ना. मालकाने शोभेला दिलंय का?"

त्याने दाबलं. काटा निघाला. कागद दुमडता दुमडता निसटला, तिने तो तळव्याने दाबून धरला. बाटली आडवी झाली, ती दोन्ही मनगटांत धरून उभी केली. झाकण अंगठ्यांना जुमानेना. लेक पुढे झाली तशी ती ओरडली, "बस खाली!" शेवटी झाकण तिने हनुवटीने लावलं.

"थांबव आता. हा माझा हात. हा आकडा नेऊन दे मालकाला."

भावाने काटा थांबवला आणि दुसरं बटण दाबून शून्यावर आणला. बाही खाली ओढली, कफचं बटण लावलं.

"माझं बरं झालेलं तुला कधी बघवलंच नाही, ताई," म्हणाला, आणि पायऱ्या उतरला.

भिंगरीने खोकं जागेवर ठेवलं. "तुमच्याकडे नवा टाइमवाला कोण येतोय?"

"आपल्या कोपऱ्यावरच्या शिंप्याचा मुलगा. गरीब आहे गं बिचारा. आत्तापासून घाबरलाय."

"घाबरू दे," भिंगरी म्हणाली. "मान वळवून बघू नकोस."

तुमच्याही मागे कुणीतरी येऊन उभं राहील. ओळखीचं असेल, कदाचित रक्ताचं असेल, त्याचा हात थरथरत असेल आणि तुम्हाला त्याची दया येईल. त्या वेळी शेजारणीचं खोकणं ऐका, आणि कृपा करून हात जड ठेवा.