मी पूजेला बसणार नाही

आई तीन महिन्यांसाठी ख्राइस्टचर्चला येणार असं ठरल्यावर मी घरात जी आवराआवर केली, ती एखाद्या चोराला शोभली असती. खिडकीतला लाकडी पाट, त्यावरचा मिठाचा वाडगा, काळ्या मुठीची बोथट सुरी, समुद्रावरून आणलेले चार दगड आणि रोझमेरीची वाळलेली जुडी, सगळं एका टोपलीत भरलं आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात जुन्या टॉवेलांमागे कोंबलं. तेहतीस वर्षांची बाई मी, स्वतःच्या घरात स्वतःचे देव लपवत होते. मला माझाच इतका राग आला की कपाटाचं दार दोनदा आपटलं.

मी विक्कन आहे. विक्का हा पाश्चात्त्य देशांतला एक नवा धर्म, जुन्या निसर्गपूजेवर बेतलेला. त्यात देव आहे, देवी आहे, ऋतूंचे आठ सण आहेत. सैतान नाही, झाडूवर बसून उडणं नाही, कुणाचं वाटोळं करणं तर नाहीच नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता झोपेतही सांगू शकेन. पण २०१६ च्या त्या ऑगस्टपर्यंत एकाही मराठी माणसाला सांगितलं नव्हतं. अपवाद फक्त नवऱ्याचा. त्याचं म्हणणं, तू काहीही कर, मला उपास करायला लावू नकोस.

मी २०११ च्या मध्यावर इथे शिकायला आले. भूकंपाला जेमतेम काही महिने झालेले, जमीन अजून अधूनमधून हलायची. पुढे मातीचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. शेजारी एक निवृत्त नर्स राहायची. तिनेच मला पहिल्यांदा जूनमधल्या एका पहाटे समुद्रावर नेलं. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, थंडीने दात वाजताहेत आणि पाच-सहा जणी सूर्य उगवायची वाट बघत उभ्या. त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं, अग्नीची दिशा दक्षिण. पण इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून तोंडं उत्तरेला वळवली. सणही सहा महिन्यांनी फिरवले. मला हे फार आवडलं. आम्ही मराठी मंडळात थंडीतला तिळगूळ भर उन्हाळ्यात, सनस्क्रीन लावून वाटत होतो, आणि या बायकांनी आधी आकाशात बघून मग सण ठरवला होता. मी परत गेले, पुन्हा गेले. तीन वर्षांनी त्यांच्या रिंगणात उभी राहून शब्द दिला. शब्द ज्याचा त्याने निवडायचा असतो. माझा साधा होता: जे मानत नाही ते यापुढे तोंडाने म्हणणार नाही.

आता अडचण अशी झाली की त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या पूजेला कुठलं जोडपं बसणार, हे ठरवताना आमचा नंबर लागला. मंडळाच्या अध्यक्ष काकूंचा फोन नवऱ्याने घेतला आणि मला न विचारता हो म्हणून मोकळा झाला. आईला कळल्यावर ती हरखली. जावयासाठी रेशमी सोवळं आणि माझ्यासाठी हिरवी नऊवारी घेऊनच ती विमानात बसली. मुलगी परदेशात पूजेला बसणार, त्याचे फोटो मावशीला पाठवायचे, हे तिने पुण्यातच ठरवून ठेवलं होतं.

"तुला काही म्हणायचंच नाहीये," नवरा म्हणाला. "संकल्प मी सोडणार. तू फक्त माझ्या हाताला हात लावायचा."

"हात लावला की मीही म्हटल्यासारखंच होतं."

"ते गुरुजी एरवी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करतात. ते मोबाइलवर बघून वाचतात. इतकं कोण धरून बसतं?"

मी धरून बसते. गणपतीशी माझं काही भांडण नाही. पण हातात पाणी घेऊन जे बोलायचं ते खरं असावं, एवढं तरी मला आईनेच शिकवलंय. आई तीस वर्षं शाळेत गणित शिकवायची. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर ती मार्क द्यायची नाही.

तिला सांगायचं कसं, याची मी मनात तयारी करत होते. तेवढ्यात दह्याने घात केला. ऑगस्टच्या थंडीत दही काही लागेना. दोन दिवस दुधाचं दूधच राहिलेलं बघून आई घरात ऊब शोधत फिरली आणि तिला गरम पाण्याच्या टाकीचं कपाट सापडलं. संध्याकाळी मी कामावरून आले तर ती डब्यांमध्ये मोहऱ्या शोधत होती. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवून तिने मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि शेगडीवरच्या तव्यात टाकल्या. क्षणात स्मोक अलार्म किंचाळायला लागला. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, मी खिडक्या उघडतेय, आणि आई मध्ये उभी राहून समाधानाने म्हणतेय, "बघ, केवढी दृष्ट होती."

मग तिने मला आत नेऊन हळूच सांगितलं की घरात कुणीतरी करणी केली आहे. सुरी, मीठ, दगड, सगळं टॉवेलांमागे सापडलं. आणि हे कोणी केलं तेही तिने शोधून काढलं होतं. मार्चमध्ये माझी जाऊ आठवडाभर राहून गेली होती ना?

माझी जाऊ बिचारी मुंगीही मारत नाही. आई त्याच संध्याकाळी माझ्या सासूबाईंना फोन करणार होती. आता गप्प राहणं शक्यच नव्हतं.

"ते माझं आहे, आई," मी म्हणाले.

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा ती पलंगावर बसली. पाऊण तास मी बोलत होते. ती म्हणाली, "ख्रिश्चन झालीस का?" नाही. "चेटूक करतेस?" नाही. "कुणी नादी लावलं?" नाही, मी स्वतःहून गेले. ऋतू, सूर्य, माती, देवी, सगळं सांगून झालं तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला.

"मग आपलंच आहे की हे. आपण नाही का भूमीची पूजा करत, वडाची करत? वेगळं कुठे आहे? बस पूजेला, काही बिघडत नाही."

ही पळवाट होती आणि आईने दार उघडं धरून ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तर सगळं मिटलं असतं. सोवळं, नऊवारी, फोटो, मावशी, सगळं जागच्या जागी. पण मला राग आला. पाच वर्षं मी जे शोधलं, ज्यासाठी थंडीत उभी राहिले, ते असं घडी घालून आपल्याच कपाटात ठेवलेलं मला नको होतं.

"नाही आई. आपलं नाहीये ते. माझं आहे. आणि मी पूजेला बसणार नाही."

त्यानंतर चार दिवस आई माझ्याशी बोलली नाही. जे बोलायचं ते नवऱ्यामार्फत, मी त्याच टेबलाशी बसलेली असताना. "तिला विचारा, त्यात पाप असतं का." "तिला विचारा, मेल्यावर काय होतं म्हणतात." "तिला विचारा, शब्द दिला म्हणजे काय दिलं, नेमके शब्द काय होते." मी उत्तरं द्यायची, नवरा भाकरी चावत मान हलवायचा. मला वाटत होतं ती माझे दोष शोधते आहे. रात्री रडायची ती, मला ऐकू यायचं, आणि मला फार वाईट वाटायचं. तरी मी बदलले नाही.

अध्यक्ष काकूंना मी फोन केला. "काकू, मी शनिवारी पूजेला बसू शकत नाही. कारण..."

"कळलं, कळलं," काकू घाईने म्हणाल्या. "पुढचं सांगू नकोस. बायकांचं असतंच, ऐन वेळी येतं. मी दुसरं कपल बघते. Don't worry."

त्यांना वाटलं माझी पाळी आली. मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला. त्यांनी लगेच आईलाही फोन करून हळहळ व्यक्त केली, आणि आई त्यांना फक्त "हो ना" म्हणाली. त्या संध्याकाळी चार दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या ताटात स्वतः भात वाढला. तिच्या दृष्टीने सगळं निभावलं होतं. कुणाला काही कळलं नव्हतं, घराची अब्रू शाबूत होती. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

मंडळाचा गणपती शनिवारीच बसतो, पंचांगात काहीही असो. सकाळी सात वाजता हॉलच्या स्वयंपाकघरात आम्ही दहा-बारा जणी मोदकांना जमलो. उकडीचे मोदक ही माझी खासियत. दर वर्षी नैवेद्याचे एकवीस माझ्याकडेच असतात. मी सवयीने हात धुतले, परातीशी बसले आणि उकडीचा गोळा हातात घेतला. तेव्हा लक्षात आलं की बाकी सगळ्यांचे हात थांबलेत.

काकू माझ्याजवळ वाकल्या. "अगं, तू नैवेद्याला हात कशी लावतेस? म्हणजे मी स्वतः मानत नाही हं, पण काही जणी मानतात. तू आज जरा बाहेर बस. चेअर्स लावायला heaps of लोक लागतील."

मी आईकडे पाहिलं. ती समोर बसून उकड मळत होती. तिने डोळ्यांनी मला सांगितलं, ऊठ. ते डोळे मी ओळखते. त्यात धमकी नव्हती, विनवणी होती. मी उठले असते तर आई वाचली असती. पण एका खोट्याला धरून ठेवायला मला दुसरं खोटं वागावं लागणार होतं, आणि तेही नेमक्या त्या परातीवरून उठून, जिथे माझे हात खरे होते.

"काकू, माझी पाळी आलेली नाही," मी म्हणाले. "मी पूजेला बसत नाहीये कारण मी हे मानत नाही. मी विक्कन आहे. तो वेगळा धर्म आहे. चार-पाच वर्षं झाली. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही."

मग एक मैत्रीण, जी आयटीत आहे आणि सगळ्यांना सांभाळून घेते, ती घाईने म्हणाली, "अगं, इतकं सीरियस काय त्यात. मी वाचलंय त्याच्याबद्दल. नेचर वर्शिप ना? आपलंच आहे ते. सगळं एकच."

"हो ना, एकच," दोघी-तिघी म्हणाल्या. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

"एक नाही ते."

हे आई म्हणाली. मान वर न करता, उकड मळता मळता.

"मीही तेच म्हणाले होते. मग चार दिवस तिला खोदून खोदून विचारलं. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून मध्ये बरोबरचं चिन्ह घालत नाहीत. तिचं वेगळं आहे. तिने तिथे शब्द दिलाय, आणि तो मोडून तिला इथे बसवलं तर ती पूजा कसली?" मग ती काकूंकडे वळली. "मी तुम्हाला फोनवर हो ना म्हणाले, ते खोटं होतं. चुकलं माझं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. बाहेर लोक जमायला लागले होते आणि एकवीस मोदक अजून वळायचे होते.

"मग तू मोदक वळलेले तुझ्या त्या देवीला चालतात का?" त्यांनी मला विचारलं.

"चालतात."

"मग वळ पटापट. उकड गार होतेय."

मी वळले. माझ्या आयुष्यात इतक्या सुबक कळ्या त्याआधी पडल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत. दुसरं जोडपं पूजेला बसलं, मी मागे भिंतीशी उभी राहिले, तोंड बंद ठेवून, ताठ मानेने. दोघी-तिघींनी माझ्या हातचा मोदक घेतला नाही, तेही मी पाहिलं. बाकीच्यांनी दोन-दोन खाल्ले. मी जिंकले होते. उगाच विनय कशाला दाखवू?

दुपारी तीनला आम्ही घरी निघालो. नवरा हॉल आवरायला थांबला होता, गाडीत मी आणि आईच.

"मला हे आवडलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला तुला त्या नऊवारीत बघायचं होतं."

"माहीत आहे, आई."

आता मात्र माझे डोळे भरले. मी गाडी बाजूला घेतली. आईने पर्समधून रुमाल काढून दिला आणि मी नाक पुसेपर्यंत थांबली.

"मावशीला काय सांगायचं?" तिने विचारलं. "ती फोटोंची वाट बघत असेल."

"मी सांगते तिला. सगळ्यांनाच सांगते आता."

"नको. तुला नीट सांगता येत नाही. मध्येच चिडतेस." आईने चष्मा लावला आणि फोन काढला. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. मावशीने पहिल्याच रिंगला उचलला.

"फोटो नाहीयेत," आई तिला म्हणाली. "पण मी एक सांगते ते आधी पूर्ण ऐकून घे. मध्ये बोलू नकोस."