आकाशी लुगड्याची भिंत

मालकावर मी सूड उगवला, हे आधीच कबूल करतो. त्याचं वाईट मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

जळगावात त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. हा बाबा खुर्चीत बसून पान चघळणार, आणि मी कॅमेरा, तिवई अन् फोटोच्या काचेच्या प्लेटांची पेटी उचलून खानदेशभर हिंडणार. बोलावणं लग्नाच्या फोटोंचं असायचं, पण माझा जीव अडकायचा गल्लीबोळांतल्या रंगांत. धुळ्यात फुटक्या कपबशांचे तुकडे बसवलेले ओटे होते, दारांवर रंगवलेले मोर होते. एखादी प्लेट उरली की मी ती असल्या ठिकाणी वापरायचो.

अमळनेरच्या अलीकडे एका गावात मला कासारणीची भिंत सापडली. बांगड्या भरताना वाढवलेल्या काकणांचे तुकडे जमवून तिने दाराशेजारी नवरी घडवली होती. आकाशी लुगडं, हिरवा चुडा, कपाळाला तांबड्या काचेचं कुंकू. "फुटलेल्या काकणांची काय नवलाई!" मी म्हणालो, तर तिने मला झापलंच. काकण फुटलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. मग स्वतःच हसून म्हणाली, "ही मनी पोर शे. लगीनना दिननी." तिची लेक होती ती, लग्नाच्या दिवशीची. उन्हात दोन तास उभा राहून मी तो फोटो काढला.

पुढे धुळ्याच्या प्रदर्शनात त्या फोटोला पदक मिळालं. खाली नाव मालकाचं! मी विचारलं तर म्हणतो, "कॅमेरा कुणाचा? मग फोटो कुणाचा?" वर चारचौघांत मला हमाल म्हणाला. अंगाची नुसती लाही लाही झाली. थांब लेका, म्हटलं, तुझी चांगली जिरवतो.

संधी चालून आली. धुळ्याच्या एका कापूसवाल्या शेठला तो फोटो फार आवडला होता. मुलीच्या लग्नात मांडवात लावायला त्याने मोठी प्रत मागितली, हाताने रंगवलेली. आता त्या काळच्या प्लेटांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत आकाशी रंग पांढरा उमटायचा आणि तांबडा काळा. मालकाने तर ते गावही पाहिलं नव्हतं. ब्रश हातात घेऊन त्याने मलाच विचारलं, "कपाळावर कुंकू आहे की गोंदण? लुगडं कुठलं?"

"गोंदण," मी म्हणालो. "लुगडं पांढरंच. कासारीण विधवा आहे, तिने स्वतःलाच काढलंय."

"मग हातात चुडा कसा?"

"निळसर गोंदण आहे ते, कोपरापर्यंत." इतकं बेमालूम खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही. त्याने ते मुकाट्याने रंगवलं. लग्नघरी पांढरं लुगडं कसं चालेल, एवढंही त्या पदकाच्या धुंदीत त्याला सुचलं नाही.

मांडवात फोटोवरचं फडकं बाजूला झालं आणि शेठ कडाडला, "लग्नघरात रांडाव आणलीस?" मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी खांबाला टेकून पोटभर पाहून घेतलं. अहाहा!

पण ती भिंत कुणाची याची चौकशी करून शेठने नवरीला चुडा भरायला मुद्दाम त्याच कासारणीला बोलावलं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गलबला ऐकून ती बाहेर आली, हातात हिरव्या काकणांची माळ तशीच. तिने फोटो पाहिला. मालक माझ्याकडे बोट करून ओरडत होता, "यानेच सांगितले रंग, यानेच!"

ती माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. "तुले तं मालूम व्हतं ना, भाऊ, मनी पोर शे म्हणून?"

मालकाचा धंदा धुळ्यात बसला तो बसलाच, मला नोकरीवरून काढलं, त्याचंही काही नाही. उन्हाळा सरल्यावर मी माफी मागायला त्या गावी गेलो. दार बंद होतं. भिंत शेणामातीने जाड लिंपून टाकली होती आणि एका कोपऱ्यात लिंपणातून आकाशी काचेचा एकच तुकडा दिसत होता. उसना आणलेला कॅमेरा माझ्याजवळ होता. मी तो पेटीतून काढला नाही.