कवळ्या करणारा सत्तेचाळीस नंबर

आमच्या शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या धाकट्या भावाच्या दातांनी हसतात आणि त्यांतल्या एकालाही तो ठाऊक नाही.

तो कवळ्या करायचा. दातांचा डॉक्टर पुढे, हा मागच्या खोलीत. डॉक्टरने तोंडाचे ठसे आत पाठवायचे आणि ह्याने मेण, प्लॅस्टर आणि त्या गुलाबी लगद्यात हात घालून बसायचं. रोगी त्याला कधी दिसले नाहीत, रोग्यांना तो दिसला नाही. एकदा बसमध्ये समोरच्या बाईकडे टक लावून बघत होता म्हणून तिने त्याला चारचौघांत झापलं. हा बिचारा एवढंच पाहत होता, की वरचे पुढचे दोन दात आपण जरा मोठे बसवले की काय. हे त्या बाईला सांगावं तर तेही जमलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी आला. बोलायचं म्हटलं की ह्याची दातखीळ बसते, आणि हे मी कवळ्या करणाऱ्याबद्दल सांगते आहे.

अशा माणसाने लग्न केलं ते लाँड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या एका बडबड्या बाईशी. माझी भावजय म्हणजे चालता-बोलता रेडिओ. तिला नोटांचा नाद. कुणाच्या तरी पँटच्या खिशात धुऊन निघालेली एक परदेशी नोट सापडली, मालक परत आलाच नाही, आणि तिथून ते सुरू झालं. चुकीची छपाई झालेल्या नोटा, बाजारातून मागे घेतलेल्या नोटा, जेमतेम महिनाभर खुर्चीवर टिकलेल्या अधिकाऱ्याच्या सहीच्या नोटा. मी म्हणायची, "अगं, चालणाऱ्या नोटा जमव की!" ती म्हणायची, "चालणाऱ्या हातात राहतात का ताई? न चालणाऱ्याच राहतात."

तिच्या नादाने हा लिलावाला जायला लागला आणि तिथे ह्याला स्वतःचा नाद लागला. प्राचीन ग्रीकांची चांदीची नाणी. एका बाजूला देवीचं डोकं, दुसऱ्या बाजूला डोळे वटारलेलं घुबड.

"घुबड घरात आणून कुणाचं भलं झालंय का रे?" मी विचारलं.

"ताई, त्यांच्यात ते शहाणपणाचं चिन्ह आहे."

"मग तुझ्यात कधी उतरणार?"

धड नाणी ह्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणून हा घाव पडलेली घ्यायचा. त्या काळच्या व्यापाऱ्यांना शंका आली, की वरून चांदी आणि आत तांबं असेल, तर ते नाण्यावर छिन्नी मारून बघत. तसं घाव पडलेलं नाणं आज निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. हा त्यांना 'परीक्षा झालेली नाणी' म्हणतो. डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून कुठलं नाणं कुठलं ते सांगतो. प्रत्येकाचा घाव वेगळा ना.

लिलाव व्हायचा एका जुन्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, वर्षातून चारदा. सकाळी नोटा, दुपारी नाणी. तिथे कुणाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. दारात नंबराची पाटी मिळते आणि जुन्या माणसांसाठी तोच नंबर राखून ठेवतात. ह्याचा सत्तेचाळीस. तिचा अठ्ठेचाळीस. मागची ओळ, भिंतीकडच्या दोन खुर्च्या.

तीन वर्षांपूर्वी ती पोटाच्या दुखण्याने गेली. आम्ही निरोप द्यायला पाच-सहाजण होतो. मूलबाळ नाही. डॉक्टरनेही त्याच सुमारास कॉम्प्युटरवर दात कापणारं मशीन घेतलं आणि ह्याला घरी बसवलं. जाण्याआधी हॉस्पिटलात तिने बजावलं होतं, "माझ्या नोटा कपाटात कुजवू नकोस. त्या खोलीत परत पाठव. तिथे त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत." हा "हो" म्हणाला आणि कपाटाला हात लावला नाही. ह्या वर्षी एकदाचं मनावर घेतलं. एका दलालामार्फत नोटा लिलावाला दिल्या. कॅटलॉगमध्ये नाव नको म्हणून सांगितलं. तिथे छापलं, 'एका जुन्या संग्रहातून'.

मला हे कळलं कारण ह्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सोबतीला मला जावं लागलं. मी पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये पाय ठेवत होते. मळखाऊ गालिचा, एकावर एक रचून ठेवता येतील अशा खुर्च्या, समोर लिलाववाला आणि त्याची लाकडी हातोडी, बाजूला टेलिफोन घेऊन बसलेल्या दोन मुली. मी भावाशेजारच्या खुर्चीत बसले तशी नंबर वाटणारी बाई धावत आली.

"अहो, इथे ह्यांच्या मिसेस बसतात."

"कोण बसतात?" मी म्हटलं.

भावाने माझं कोपर असं दाबलं की कळ आली. "ही माझी बहीण," तो म्हणाला. "आज हिला बसू दे. ती... येईल पुढच्या वेळी."

"वहिनींना विचारलंय म्हणून सांगा हं," असं म्हणून बाई गेली.

मी त्याच्याकडे वळले. "काय चाललंय हे?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. तीन वर्षं झाली तिला जाऊन!"

"इथे कळवलेलं नाही," तो म्हणाला. "पहिल्या वेळी कुणीतरी विचारलं, वहिनी नाहीत का. माझ्या तोंडून निघालं, गुडघे दुखतायत. मग पुढच्या वेळी विचारलं, गुडघे कसे आहेत."

"मग?"

"मग काय. सांगितलं, थोडा फरक आहे."

मी डोक्याला हात लावला. "आणि हल्ली?"

"हल्ली हॉस्पिटलात असते अधूनमधून."

हसावं की कानाखाली द्यावी ते मला समजेना. बाकी सगळं जग त्याला विसरलेलं, आणि इथे वर्षातून चारदा माणसं त्याच्याजवळ येऊन त्याच्या बायकोची चौकशी करत होती. खोटं असो, खरं असो, ह्या एका खोलीत ती अजून जिवंत होती. मी पर्स मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत नीट बसले.

तेवढ्यात बेकरीवाला आला. नोटांवरून माझ्या भावजयीचं ज्याच्याशी कायम हमरीतुमरीवर यायचं असं ती सांगायची, तो हाच. धिप्पाड माणूस, भुवयांवरसुद्धा मैदा असावा असं वाटणारा. ह्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाला, "सत्तेचाळीस, काळजी करू नका. आम्ही आहोत." आणि पुढे जाऊन बसला.

"ह्याला काय झालं?" भाऊ पुटपुटला.

मला आणखी एक दिसत होतं, जे एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी असलेल्या ह्या माणसाला दिसत नव्हतं. अख्ख्या हॉलमधले लोक वळून-वळून आमच्याकडे पाहत होते.

लिलाव सुरू झाला. तिच्या नोटांतली पहिली पडद्यावर आली. जुनी, बाजारातून मागे घेतलेली. डावीकडून वाचा की उजवीकडून, नंबर एकच. हीच तिने पूर्वी बेकरीवाल्याच्या नाकावर टिच्चून घेतली होती. लिलाववाल्याने सुरुवातीची किंमत पुकारली आणि एकदम दहा-बारा पाट्या वर गेल्या. किंमत दुप्पट झाली. तिप्पट झाली. बेकरीवाला आणि पुढच्या ओळीतली एक चष्मेवाली बाई पाटी खाली घ्यायला तयार नव्हती. लिलाववाला स्वतःच गोंधळून कॅटलॉग चाळायला लागला.

"ह्या नोटेत एवढं काय आहे?" भावाने मला विचारलं. जसं काही मला कळतं!

मी पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या पाठीवर टकटक केलं. "अहो, एवढी का वाढतेय?"

तो मागे वळला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही नणंद ना? कॅटलॉग आल्या दिवशीच आम्हाला कळलं. ह्या नंबराची नोट दुसरी असेल कशी? अठ्ठेचाळीसचीच आहे. म्हटलं, एवढी जीव की प्राण असलेली नोट काढली म्हणजे हॉस्पिटलचा खर्च झेपत नसणार. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. उपचाराला कमी पडू द्यायचं नाही."

भावाने ते ऐकलं. त्याचा चेहरा त्याच्या प्लॅस्टरसारखा झाला.

त्याची चूक तुमच्या लक्षात आली का? चांदीच्या नाण्यावरचा घाव अंगठ्याने ओळखणारा हा माणूस. त्याला वाटलं, नोटा काय, छापलेल्या, एकीसारखी दुसरी. नाव झाकलं की कुणाला पत्ता लागणार नाही. बायको इतकी वर्षं शेजारी बसून नंबरांबद्दल बोलत होती आणि हा दुपारच्या नाण्यांची वाट बघत 'हं, हं' करत होता. नोटावाले नोटेचं चित्र बघतच नाहीत. ते नंबर बघतात.

किंमत चौपट झाली होती.

"सांग त्यांना," मी म्हटलं.

"ताई, नको."

"फुकटचे पैसे घेणार आहेस का मेलेल्या बायकोच्या औषधाचे? तू सांगतोस की मी उठू?"

त्याने माझं मनगट धरलं. मला उठू द्यायचं नव्हतं, की स्वतःला धरायला काहीतरी हवं होतं, कोण जाणे. बोली आणखी वर गेली. बेकरीवाल्याचा कान लालबुंद दिसत होता. मग भावाने मनगट सोडलं आणि पाटी वर केली.

"सत्तेचाळीस!" लिलाववाला खूश होऊन ओरडला. "नवी बोली, सत्तेचाळीस नंबर!"

"बोली नाही," भाऊ उभा राहून म्हणाला. आवाज इतका बारीक, की लिलाववाल्याने कानामागे हात धरला.

"काय म्हणालात?"

"बोली नाही. ती नाहीये. माझी बायको. तीन वर्षं झाली." मग, "हॉस्पिटल वगैरे काही नाही. कुणी जास्त देऊ नका."

आणि खाली बसला. टेलिफोनवरची एक मुलगी हळूच पलीकडच्या ग्राहकाला सांगत होती, "जरा थांबा हं, इथे कुणीतरी वारलंय."

लिलाववाल्याने घसा खाकरला. "तेहतीस नंबर," त्याने बेकरीवाल्याला विचारलं, "तुमची बोली कायम?"

बेकरीवाला मागे न बघता म्हणाला, "काढून घ्या."

पहिल्यापासून पुन्हा पुकारा झाला. टेलिफोनवरच्या कुणा ग्राहकाला ती नोट रास्त किमतीत गेली. बाकीच्याही गेल्या, एक इकडे, एक तिकडे. बेकरीवाल्याने एकदाही पाटी उचलली नाही. भाऊ प्रत्येक वेळी मला विचारत होता, "कुणी घेतली? कशी दिसते बाई? म्हातारी आहे का?" मी जमेल तसं सांगत होते.

जेवणाच्या सुट्टीत बेकरीवाल्याने आम्हाला जिन्यात गाठलं. मला वाटलं होतं, सांत्वन करील. त्याने कॅटलॉगची गुंडाळी भावाच्या छातीला टेकवली.

"आम्हाला शेवटचं बघू द्यायचं होतंस," तो म्हणाला. अहो-जाहो गळून पडलं होतं. "आम्ही कुणी नव्हतो का तिचे?"

"नावं माहीत नव्हती," भाऊ म्हणाला. "कळवू कुणाला? नंबर माहीत होते."

"खोटं बोलायला बरं यायचं तुला! दोन नोटा घेऊन ठेवल्यात मी. तिला हव्या होत्या त्याच. मुद्दाम घेतल्या. म्हटलं, बरी होऊन येऊ दे, अशी जळवतो की बस. तीन वर्षं मी रोज त्या नोटा काढून बघतोय आणि ती काय म्हणेल ते ठरवतोय." त्याने नाक पुसलं. "आता कुणाला दाखवू? तुला? तुला नोटेतलं काय कळतंय?"

"काही नाही," भाऊ म्हणाला.

बेकरीवाला जिना उतरून गेला. मी त्याला हाक मारणार होते, पण काय म्हणून मारणार? तेहतीस म्हणून?

दुपारच्या नाण्यांसाठी आम्ही थांबलो नाही.

त्यानंतर दोन लिलाव झाले. दोन्हींना भाऊ एकटा गेला. लोक वाईट वागत नाहीत, मान हलवतात, खुर्ची सरकवून जागा देतात. पण विचारायचं काय, हे कुणालाच सुचत नाही. पूर्वी निदान गुडघे होते. बेकरीवाला बघतसुद्धा नाही. मी म्हटलं, "मग जातोस कशाला?" तर म्हणतो, "न जाऊन काय करू?"

आता लिलावाच्या संध्याकाळी तो मला फोन करतो आणि कुठलं नाणं आलं, कुणी घेतलं, कुठल्या घुबडाची चोच झिजली होती, ते सगळं सांगत बसतो. इतकं तो उभ्या जन्मात बोलला नसेल. मला नाण्यांत काडीचा रस नाही. मी फोन ओट्यावर ठेवते, भाजी चिरते आणि मध्येमध्ये "हं" म्हणते. मागच्या वेळी तो मध्येच थांबला.

"ताई, ऐकतेस ना?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि पुढे सांगायला लागला.