उपरण्याखालचं कलम

वकिलांच्या खोलीत खटल्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. खटले कधीतरी निकाली निघतात, किस्से कुठले निघायला! आमच्या सेलूच्या खोलीतले बरेचसे आबा वकिलांच्या नावावर जमा आहेत. आबांना कायद्याबद्दल शंका आलेली मी तरी कधी पाहिली नाही.

*

आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी जाहिरात वाचून दिल्लीहून पोस्टानं घड्याळ मागवलं. ते चालेचना. दुकानदारानं कळवलं, दावा दिल्लीत लावा.

आबांनी विचारलं, "पार्सल कुठं फोडलं?"

"घरच्या ओट्यावर."

"मग फसवणूक ओट्यावर झाली. त्यालाच इकडं बोलावू."

नोटीस गेली आणि दुसरं घड्याळ आलं. वर पट्टा फुकट.

*

वालूरचे खंडूबाबा घोंगड्या विणायचे. एका जर्मन साहेबानं बाजारातून एक नेली आणि तिकडून गठ्ठाभर मागवल्या. आबा करार लिहायला बसले. वाद झाला तर कोर्ट कुठलं, त्यांचं की आपलं?

खंडूबाबा म्हणाले, "कोर्ट कशाला? मेंढरांच्या बाजारात आमी उपरण्याखाली हात धरून बोटं दाबून भाव ठरवतो. काय ठरलं ते दोघालाच कळतं. तसंच करू."

आबांनी झोकात इंग्रजीत कलम घातलं. वाद झाल्यास दोन्ही पक्ष सेलूला येऊन उपरण्याखाली हात धरतील.

*

साहेबाच्या वकिलानं जर्मनीहून विचारलं, हे कुठल्या कायद्यात बसतं?

आबांनी उलट टपाली लिहिलं, "तुमच्या कुठल्या कायद्यात बसत नाही, ते कळवा."

करार सही होऊन आला.

*

मग साहेबाचं पत्र आलं. घोंगड्यांना मेंढरांचा वास येतो, सगळा माल परत घ्या. खंडूबाबांची वर्षभराची लोकर त्या गठ्ठ्यात गेली होती. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आबा म्हणाले, "कलम आहे ना? बोलवा त्याला."

साहेब खरंच आला! त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा बंद होता, एसटी देवगाव फाट्यावरच थांबली, तिथून तो ट्रॅक्टरवर बसून आला. आम्ही सगळे वकील पुस्तकं काढून तयार.

खंडूबाबांनी उपरणं टाकलं आणि साहेबाचा हात आत ओढला. एकाला मराठी येईना, दुसऱ्याला इंग्रजी. उपरणं बराच वेळ हलत राहिलं. साहेबानं आधी मान हलवली, मग कपाळाला आठ्या घातल्या, मग खो खो हसला. उठून आम्हाला म्हणाला, माल परत नाही, आणखी एक गठ्ठा पाठवा.

आबांनी घाईघाईनं पेन उघडलं. "खंडूबाबा, काय ठरलं? करारात लिहावं लागेल."

खंडूबाबा उपरणं झटकत म्हणाले, "लिहायचंच आसतं तर उपरणं कशाला टाकलं आसतं, वकीलसाब?"