सोसण्याशी भांडणाऱ्या सिस्टर

आजाऱ्याच्या उशाशी बसून सहनशक्तीचे धडे देणाऱ्यांचा सिस्टरांइतका संताप दुसऱ्या कुणाला येत असेल, असं मला वाटत नाही. माझे वडील लातूरच्या ज्या कॅन्सर वॉर्डात होते, तिथल्या या थोरल्या सिस्टर, मूळच्या मुदखेडच्या. 'थोडं सहन करा' असं कुणी म्हटलं, की त्या हातातलं काम टाकून यायच्या आणि बोलणाऱ्याखालचं स्टूल 'दुसऱ्या पेशंटला लागतंय' म्हणून उचलून न्यायच्या. एकदा मोठे डॉक्टरच तसं म्हणाले. सिस्टर त्यांच्याशी जिन्यापर्यंत भांडत गेल्या आणि वाढीव डोस लिहून घेऊनच परतल्या. "बुद्धानं दुःख हाय म्हणून सांगितलं, तसं त्यातून वाट हाय हे बी सांगितलं. लोकं अर्धंच ऐकतात," असं त्यांचं म्हणणं. पण इंजेक्शन देण्याआधी त्या तळहात चोळून गरम करायच्या. गार हातानं माणूस दचकतो म्हणून.

शिरूर अनंतपाळहून माझे चुलते आले आणि वडिलांना म्हणाले, "दादा, हे मागल्या जन्माचं हाय. गोळ्या खाऊन दाबू नको, भोगून टाक." वडिलांनी दुखण्याची गोळी बंद केली. दोन दिवस ते उशीचा कोपरा दातात धरून पडले होते आणि मी, चाळिशी उलटलेली बाई, काकांपुढे गप्प. त्याची मला आजही चीड येते.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी काकांना गाठलं.

"काका, तुमची दाढ दुखली तवा काय केलं?"

"काढून टाकली."

"भोगली न्हाई?"

काका चहाला म्हणून जे गेले, ते संध्याकाळीच उगवले.

आता सिस्टर वडिलांना झापतील असं वाटलं. पण त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "बाबा, कशाची सजा भोगून राहिले?"

दातातली उशी सोडून वडील म्हणाले, "पहिली लेक तापानं गेली. पेरणीच्या घाईत दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर केला म्या."

मला थोरली बहीण होती, हे मला तेव्हा कळलं.

"चुकलं तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्ही कण्हल्यानं तिचा ताप उतरणार न्हाई. नाव काय तिचं?"

"मंदा."

"तिला औषध मिळालं न्हाई. तुमच्यापुढं तर मी घेऊन बसलेय."

वडिलांनी तोंड उघडलं.

पुढचे अकरा दिवस, कळ थांबली की ते मंदाबद्दल बोलायचे. ती डावखुरी होती, कच्ची चिंच खायची, बैलाला मामा म्हणायची. सलाईन बदलता बदलता सिस्टर सगळं ऐकायच्या, मधूनच काही विचारायच्या. अखेरीस वडील शांतपणे गेले.

सिस्टर आता निवृत्त होऊन मुदखेडला असतात. मी भेटायला गेले, की वडिलांच्या आधी मंदाचा विषय निघतो. आम्हा दोघींपैकी कुणीच तिला पाहिलेलं नाही.