मुजीबभाईंचा अंगठा

औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात नव्या नंबरची भिंगं लावून मी समोरची अक्षरं वाचत होते, तेव्हा सुनंदाचा फोन आला. सुनंदा आमच्या कॅज्युअल्टीतली स्टाफ नर्स. "मॅडम, मुजीबभाई गेले," म्हणाली. मी विचारलं, कुठं? "आपल्याच कॅज्युअल्टीत... आत्ताच." माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू यावं, निदान हातपाय गळावेत. मला राग आला. परवा त्यांचा चाळिसावा दिवस झाला, तरी तो उतरलेला नाही. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, हे मला कळतं. ते लिहीनच, पण राग बाजूला ठेवून लिहायला मला जमणार नाही.

मुजीबभाई आमच्या रुग्णालयात ईसीजी तंत्रज्ञ होते. पेशंटच्या छातीला वायरी लावायच्या, हृदयाची पट्टी काढायची आणि डॉक्टरांच्या हातात द्यायची, कागदोपत्री एवढंच त्यांचं काम. प्रत्यक्षात पट्टी त्यांच्याइतकी चांगली वाचणारा माणूस मी नोकरीभर पाहिला नाही. मी आयसीयूत नवी लागले तेव्हा मला सगळ्या रेघा सारख्याच दिसायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पट्टी पुढं धरली. "सिस्टर, इसमें क्या दिख रा?" मी पट्टीच्या डोक्यावर मशीननं छापलेली ओळ वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे तो वरचा भाग मागं दुमडला आणि पट्टी परत माझ्या हातात दिली. "मशीन क्या बोलती वो नक्को बताओ. तुमकू क्या दिखा वो बोलो." मला काहीच दिसलं नव्हतं. दिसायला लागायला पुढं वर्ष गेलं.

मग त्यांचा वर्गच सुरू झाला. दर गुरुवारी दुपारी ड्यूटी बदलली की चादरी ठेवायच्या खोलीत आम्ही नर्सेस जमायचो, नंतर नंतर इंटर्नही येऊन बसायला लागले. टेबलावर वरची ओळ दुमडलेल्या जुन्या पट्ट्या असायच्या. पेशंटची जुनी पट्टी शोधून शेजारी ठेवा, हे त्यांचं पहिलं सांगणं. छातीत दुखतंय आणि पट्टी चांगली दिसतेय, तर खूश होऊ नका, दहा मिनिटांनी परत काढा, दुखायचं थांबलं नाही तर पुन्हा काढा. आणि एव्हीएल सोडू नका. पट्टीत हृदय बारा बाजूंनी दिसतं, एव्हीएल ही त्यातली एक बाजू, आणि तिच्याकडं सहसा कुणी वळून बघत नाही. हृदयाच्या खालच्या भागात झटका सुरू होत असला, की कधीकधी सगळ्यात आधी तिथली रेघ किंचित खाली बसते. "कणभर बी बसली ना, तर पेशंटला घरी सोडायचं नाय," ते म्हणायचे. ती कणभर बसलेली रेघ दिसेपर्यंत ते कुणाला खुर्चीवरून उठू देत नसत.

आता त्यांच्या अंगठ्याबद्दल. पट्टीत काय आहे हे तंत्रज्ञानं सांगायचं नसतं. म्हणून मुजीबभाई डॉक्टरांना पट्टी देताना, जिथं गडबड आहे बरोबर त्याच्याखाली अंगठा ठेवून द्यायचे, आणि तोंडातून एक अक्षर काढायचे नाहीत. जुन्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं. ते अंगठ्याजवळ बघायचे, शेजारच्या इंटर्नला "हे बघितलंस का" म्हणून झापायचे, आणि शोध आपल्याच नावावर लावायचे. तोवर मुजीबभाई वायरी गुंडाळून पुढच्या खाटेकडं गेलेले असायचे. आम्हालाही त्यांनी हेच शिकवलं. मी एकदा विचारलं, सरळ सांगितलं तर काय बिघडतं? ते हसले. "बोले तो साब चिढते. अंगठा रखे तो देखते. अपनेकू पेशंट बचाना है सिस्टर, के अपनी बात?" तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, ते साफ चुकलं. सगळ्यात जास्त ज्याला कळत होतं त्याला आम्ही मुका करून ठेवला, आणि त्यानं तो मुकेपणा आम्हाला वर्ग घेऊन शिकवला.

पुढं एका वरिष्ठांना हा वर्ग खुपला. तंत्रज्ञ इंटर्नना काय शिकवतो म्हणे. चौकशीचा कागद आयसीयूची इन्चार्ज म्हणून माझ्याकडं आला. वर्गात निदानाबद्दल बोललं जातं का? मी 'होय' लिहिलं आणि सही केली. त्यामुळंच इथं माणसं वाचतात, हे एक वाक्य मी पुढं जोडू शकले असते. नाही जोडलं. वर्ग बंद झाला. मुजीबभाई मला एका शब्दानं बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं "सलाम सिस्टर" म्हणाले. त्या सलामाचाही मला राग येतो. भांडले असते तर बरं झालं असतं.

ते गेले त्या दिवसाची हकिगत मला सुनंदानं सांगितली. अकराच्या सुमारास छातीत जडपणा, जबडा ठणकतोय म्हणून ते छावणीतल्या घरून भाभींना घेऊन रिक्षानं आले. पट्टी सुनंदानं काढली. मशीननं वर छापलं, नॉर्मल. ड्यूटीवरचा डॉक्टर नवा होता, नुकताच रुजू झालेला. सुनंदा मुजीबभाईंच्या वर्गातली. तिला एव्हीएलमध्ये कणभर बसलेली रेघ दिसली, आणि ती बोलली नाही. मुजीबभाईंनी खाटेवरून हात पुढं केला. "दिखा बेटा." त्यांनी पट्टी पाहिली. मग पडल्यापडल्याच डॉक्टरांपुढं धरली, अंगठा एव्हीएलच्या खाली. डॉक्टरांनी वरची ओळ वाचली. "चाचा, सब नॉर्मल है, गॅस झालाय," म्हणून इंजेक्शन लिहिलं. पट्टी परत कुणी काढली नाही. दीड तासानं भाभी ओरडत बाहेर आल्या... नंतर पाऊण तास सगळ्यांनी जीव तोडून प्रयत्न केले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आठवड्यानं तो डॉक्टर माझ्या खोलीत आला. मी वाटच बघत होते. मुजीबभाईंची पट्टी त्याच्यासमोर ठेवली, वरचा भाग दुमडला आणि म्हटलं, वाच. पोरगा बराच वेळ बघत राहिला. त्याला दिसेना. शेवटी मी दाखवलं, तेव्हा त्याचा चेहराच उतरला. "मॅडम, पट्टी देताना त्यांचा अंगठा इथंच होता," तो म्हणाला. "मला वाटलं, कागद धरलाय."

त्याला मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पण घरी जाताना गुलमंडीच्या गर्दीत अडकले आणि डोक्यात आलं, याला अंगठ्याचं सांगणार होतं कोण? तो आला तेव्हा वर्ग बंद होऊन चार वर्षं झाली होती. तो बंद करणाऱ्या कागदावर माझी सही आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर पत्र दिलं. परवानगी मागितली नाही, गुरुवारपासून वर्ग सुरू करतेय एवढं कळवलं. चादरींची तीच खोली आहे. पट्टी टेबलावर ठेवायची, तिला कुणी हात लावायचा नाही, दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि जे दिसतंय ते तोंडानं सांगायचं. सुनंदा पहिले चार गुरुवार आली नाही. गेल्या गुरुवारी दारात येऊन उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, नाव कापलेली मुजीबभाईंची ती पट्टी तिच्यापुढं ठेवली आणि समोर बसलेल्या त्याच डॉक्टरकडं बघून बोल म्हटलं. ती खाली मान घालून पुटपुटली. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. ती परत बोलली. मी म्हटलं, अजून नाही. तिनं डोळे पुसले, हात पाठीमागं घट्ट धरले. "सर, एव्हीएल खाली बसलीय. पेशंटला सोडू नका. पट्टी परत काढायला लागंल." बाहेर व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांनी दचकून आत बघितलं.